आठव्या महिन्याचा ठसा

१

सावानोंच्या छापखान्यातून एक लाकडी ठसा चोरीला गेला. तोही कसला, तर पुढच्या वर्षाच्या सातव्या-आठव्या महिन्याचा. मला सांगा, महिना चोरून माणूस करणार काय? लोणचं घालणार?

मी ताहेई, कागेउरा बंदराचा पोलीस. पूर्वी सरदारांच्या कोतवालीत होतो तेव्हा पायात गवती चपला असायच्या आणि डोकं थंड असायचं. आता मेइजी सरकारचे बूट आलेत. ते दोन्ही एकाच पायाचे असावेत असा माझा दाट संशय आहे. त्या बुटांत सकाळी सकाळी चढ चढून मी सावानोंच्या दारात पोचलो, तेव्हा मालकीण ओरेनबाई ओट्यावर बसून नुसती छताकडे बघत होती.

"सगळे ठसे मागच्या खोलीत फडताळात उभे होते, ताहेईसान," ती म्हणाली. "काल दिवेलागणीला मी देवळात गेले, परत आले, झोपले. सकाळी मोजायला गेले तर मधला एक नाही. बाकी सगळे जागच्या जागी."

"कुलूप?"

"कुलूप कशाला लावू? लाकूड कोण चोरतं?"

तिचं खरं होतं. पण तिचा आवाज कापत होता, आणि का कापत होता ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिच्या घराण्यात सात पिढ्या पंचांग छापतात. गेल्या वर्षी नेहमीसारखं पंचांग छापून झालं, गठ्ठे बांधून झाले, आणि अकराव्या महिन्यात तोक्योहून फर्मान आलं. चंद्राचं पंचांग बंद, आता पाश्चात्त्यांसारखं सूर्याचं. बाराव्या महिन्याचे फक्त दोन दिवस आम्हाला मिळाले. तिसऱ्या दिवशी उठलो तर म्हणे नवीन वर्ष! ओरेनबाईच्या गठ्ठ्यांची रद्दी झाली. कागेउरात अजून मासे त्यातच बांधून मिळतात. नवरा त्या धसक्यानं गेला.

यंदा मोठ्या मिनतवारीनं तिला नव्या पंचांगाची छोटी, सोपी आवृत्ती छापायचा परवाना मिळाला होता. तीन दिवसांनी जिल्ह्याचे तपासनीस बोटीनं येणार, ठसे मूळ पंचांगाशी ताडून शिक्का मारणार, मग छपाई. एक ठसा जरी कमी निघाला तरी परवाना गेला.

"पुन्हा कोरून घ्या ना," मी म्हणालो.

"कुणाकडून?" ओरेनबाईनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तुमच्याच शिपायांनी मघाशी गोनरोकुबाबांना दोरी बांधून नेलं."

मला न विचारता, मी पोचायच्या आधी, माझ्याच शिपायांनी! मी कपाळावर हात मारून घेतला आणि तो चढ पुन्हा उतरलो.

२

गोनरोकु म्हणजे सावानोंकडचा ठसे कोरणारा. सत्तरी उलटलेली, तोंड फाटकं. चौकीच्या कोठडीत तो मांडी घालून बसला होता आणि माझ्या शिपायाला गाठ कशी मारावी ते शिकवत होता.

"ये, ताहेई," तो म्हणाला. "हा तुझा गडी माणूस बांधतो की मुळ्याची जुडी?"

"आजोबा, ठसा कुठंय?"

"मला काय विचारतोस? तुझ्या सरकारनं गिळला असेल. त्याला सवय आहे."

"काल दिवेलागणीला तुम्ही कुठं होतात?"

गोनरोकुनं तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच मिटलं असावं, आणि नेमकं आज!

या माणसाविरुद्ध बोलणारं सगळं गाव होतं. त्याची बायको बाराव्या महिन्याच्या विसाव्या दिवशी वारलेली. गेल्या वर्षी तिचं वर्षश्राद्ध घालायचं तर विसावा दिवस उगवलाच नाही. त्यानं चौकात उभं राहून शाळेच्या हिनात्सु मास्तरांना विचारलं होतं, "माझ्या म्हातारीचा दिवस कुठं ठेवलात?" मास्तर म्हणाले, अंधश्रद्धा सोडा. तेव्हापासून नव्या पंचांगाचं नाव निघालं की गोनरोकु थुंकायचा.

"नवं पंचांग आवडत नाही म्हणून ठसा फोडलात?" मी विचारलं.

"कोरतो मीच, आणि फोडू? मूर्ख आहेस का?" तो खवळला. "आणि फोडायचाच तर हाच कशाला फोडीन? बाकीच्या ठशांत नुसता सावळा गोंधळ. कुठं दुसऱ्या महिन्याला अठ्ठावीसच दिवस, कुठं काय. या एका ठशात जरा जुन्या चालीची लय होती. सातवा मोठा, आठवा लहान. कोरताना बरं वाटलं होतं. मास्तरांनी सुरेख अक्षरात लिहून दिलं, मी कागद लाकडावर उलटा चिकटवला आणि कोरत गेलो. कागद तर कोरताना जातोच, आता लाकूडही गेलं. झालं समाधान?"

"काल कुठं होतात एवढंच सांगा ना, आजोबा!"

"नाही सांगत."

"जिल्ह्याच्या तुरुंगात या थंडीत तुम्ही महिना काढणार नाही."

"नवा महिना की जुना?" त्यानं विचारलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला तरी जायला जागा होती, बुटांत नव्हती. शिपायाला विचारलं, याला कुणाच्या सांगण्यावरून धरलं? तो म्हणाला, "साक्षीदार आहे, साहेब. खुद्द हिनात्सु मास्तर. त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय."

३

हिनात्सु मास्तर म्हणजे कागेउराला सुधारायला जिल्ह्यानं पाठवलेला माणूस. केस कापलेले, छत्री पाश्चात्त्य, आणि खिशात घड्याळ, जे तो वेळ बघायला नाही तर दाखवायला काढतो. शाळा त्याची, आणि पंचांगाच्या सोप्या आवृत्तीचा मजकूरही त्याचाच. तोक्योच्या जाडजूड मूळ पंचांगात नव्या तारखेखाली बारीक अक्षरांत जुनी तारीख देतात. यानं ती मुद्दाम गाळली होती. म्हणे, कुबड्या काढून घेतल्याशिवाय लंगडा चालत नाही.

नव्या पंचांगात चुकणाऱ्याची तो गय करत नसे. आमच्याकडे तांदळाच्या, तेलाच्या दुकानांवर एक पाटी टांगलेली असते. एका बाजूला जास्त दिवसांचा 'मोठा' महिना, दुसऱ्या बाजूला कमी दिवसांचा 'लहान', आणि महिना बदलला की बघून पाटी फिरवायची. यंदाच्या उन्हाळ्यात तांदूळवाल्यानं आठवा महिना लागताच सवयीनं पाटी उलटवून 'लहान' केली. मास्तरांनी त्याला शाळेच्या फाटकात अर्धा दिवस उभा केला. "सातवाही मोठा, आठवाही मोठा! एवढं कळत नाही, बैला?" पोरं टाळ्या वाजवत होती. साठीचा माणूस खाली मान घालून उभा होता, आणि मी बंदोबस्ताला होतो.

शाळेत शिरलो तर खोली छान उबदार. कोपऱ्यातली नवी लोखंडी शेगडी पेटलेली. पोरं खूश होती, कारण एरवी बारावा महिना लागेपर्यंत मास्तर तिला हात लावू देत नसत.

"बसा, ताहेईसान," हिनात्सु म्हणाला. "बूट चावतात का? सवय होईल. पुढं जायचं तर थोडं चावून घ्यावं लागतं."

"काल काय पाहिलंत ते सांगा."

"काल, अकराव्या महिन्याची पंधरा तारीख. दिवेलागणीनंतर मी समुद्रावरून फिरून येत होतो. सावानोंच्या मागच्या भिंतीपाशी गोनरोकु दिसला. काखेत फळीएवढं काहीतरी, कापडात गुंडाळलेलं. मला बघून भिंतीला चिकटला."

"ओळखलात कसा? हातात कंदील होता?"

"कंदील कशाला? चांदणं लख्ख पडलं होतं. आकाशात परातीएवढा चंद्र. म्हाताऱ्याच्या भुवया मोजता आल्या असत्या."

मी लिहून घेतलं. त्यानं खाली सही केली, घड्याळ काढून वेळही घातली.

"वाईट वाटतं हो," तो म्हणाला. "कारागीर चांगला आहे. पण असली माणसं स्वतःही बुडतात आणि गावालाही बुडवतात."

मी बाहेर पडलो तेव्हा माझ्या हातात शिक्षण झालेल्या, सरकारी माणसाची सही केलेली साक्ष होती, आणि कोठडीतला आरोपी तोंड उघडत नव्हता. तपासनिसांच्या बोटीतून गोनरोकुला पाठवण्यावाचून मला इलाज उरला नव्हता.

४

चौकीच्या दारात एक बाई बसली होती. ओकिवा, मासेमाराची बायको, कागेउरातला सगळ्यात मोठा आवाज. आज मात्र तिनं मला खुणेनं मागच्या बाजूला बोलावलं.

"दादा, गोनरोकुबाबांना सोडा. त्यांनी काही केलं नाही."

"कशावरून?"

"काल ते आमच्याकडे होते. अंधार पडायच्या आधीपासून जेवणं होईपर्यंत." हे बोलली आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

"तुमच्याकडे काय करत होते?"

आजच काय या गावाला सामूहिक मौन लागलं होतं! मी आवाज चढवला तेव्हा तिनं सगळं ओतलं. मासेमारांच्या बायकांना वाचता येत नाही. जुनी चित्रांची पंचांगं त्यांना कळत, चंद्राची कोर कुठली आणि त्या दिवशी भरती-ओहोटी कशी ते त्यात काढलेलं असे. नव्या पंचांगात सगळी अक्षरंच. मागच्या महिन्यात एक होडी ओहोटीत खडकावर बसली आणि दोघे जण बुडता बुडता वाचले. म्हणून बायकांनी गोनरोकुला गळ घातली आणि तो तिच्या स्वयंपाकघरात चुलीशेजारी बसून चित्रांचा ठसा कोरत होता.

"परवान्याशिवाय पंचांग!" मी ओरडलो. "अगं, तो गुन्हा आहे!"

"म्हणून तर बाबा बोलत नाहीत. आमची नावं येतील ना."

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. म्हातारा निर्दोष होता याचा पुरावा मला मिळाला होता, आणि तो पुरावा वापरला तर म्हातारा दुसऱ्या गुन्ह्यात आत जाणार होता, सोबत दहा-बारा बायका. डोकं आपटून घ्यायला भिंत जवळच होती.

"तुझ्या नवऱ्यानं तरी पाहिलं का त्यांना?" मी विचारलं. "पुरुषाची साक्ष..."

"गडीमाणसं घरात होती कुठं? सगळ्या होड्या मशाली घेऊन माकुलं पकडायला गेल्या होत्या. काल रात्री समुद्रावर नुसत्या मशालीच मशाली! अख्ख्या बंदरानं पाहिल्या. तुम्ही नाही पाहिल्या?"

पाहिल्या होत्या. बूट काढून, पाय गरम पाण्यात घालून, खिडकीतून पाहिल्या होत्या.

दहा पायांची ती मऊ माकुलं मशालीच्या उजेडाकडे येतात. पण केव्हा? मी ओकिवाचा हात धरला. ती दचकली.

"ओकिवा, मशाली घेऊन कधी जातात? कुठल्याही रात्री?"

"असं कसं, दादा? चंद्र असला तर मशालीकडे कोण बघतंय? काळोख लागतो."

मी तिथूनच शाळेकडे चालू लागलो. बूट मी हातात घेतले होते.

५

मुलं घरी गेली होती. हिनात्सु शेगडीतली राख ढवळत होता.

"मास्तर, पंधरा तारखेला चंद्र कसा असतो?"

"पूर्ण. हे काय विचारणं झालं?"

"कुठल्या पंधरा तारखेला?"

मी भिंतीवरचं तोक्योचं मूळ पंचांग काढून त्याच्यासमोर ठेवलं आणि कालच्या तारखेखालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

"जुन्या हिशेबानं काल नवव्या महिन्याची सव्वीस. चंद्र म्हणजे नखाएवढी कोर, तीही पहाटे उगवणार. दिवेलागणीला इतका काळोख होता की सगळं बंदर मशाली घेऊन माकुलं पकडत होतं. आणि तुम्हाला परातीएवढा चंद्र दिसला! तुम्ही समुद्रावर फिरायला गेलाच नव्हता, मास्तर. गेला असतात तर वर बघितलं असतंत. खोटं रचताना पंधरा तारीख म्हटल्याबरोबर तुमच्या तोंडातून आपोआप चांदणं बाहेर पडलं. आजीच्या मांडीवर बसून शिकलेलं आहे ते. जुनं पंचांग तुम्ही भिंतीवरून काढलंत, डोक्यातून नाही."

"मी... तारखेत गफलत झाली असेल."

"मग मला सांगा, एकच ठसा का? पंचांगावर राग असणाऱ्यानं सगळे फोडले असते. परवाना बुडवायचा असता तर पहिलाच ठसा पुरला असता. चोराला नेमका सातवा-आठवा महिना नको होता. का? गोनरोकु मला सकाळी सांगत होता आणि मी कान देऊन ऐकलं नाही. त्या ठशात 'सातवा मोठा, आठवा लहान' असं होतं. मजकूर कुणाचा? तुमचा. तुम्ही घाईत लिहिलंत, हात सवयीनं चालला. मोठ्यामागं लहान. तांदूळवाल्याचा चालला तसाच."

हिनात्सु पुन्हा राख ढवळू लागला.

"तुम्ही लिहिलेला कागद कोरण्यात गेला होता. चूक फक्त लाकडावर उरली होती आणि तपासनीस येऊन ती मूळ पंचांगाशी ताडणार होते. म्हणून लाकूड उचललंत. पण ते वाचलेला आणखी एक माणूस होता. ज्यानं कोरलं तो. पुढं तो काही बोललाच, तर चोराच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून गोनरोकु. तुरुंगात तो मेला असता हे ठाऊक होतं ना?"

मी त्याच्या हातातला चिमटा घेतला आणि राख उपसली. चेरीचं लाकूड कठीण, लवकर जळत नाही. तळाशी करवंटीएवढा जळका तुकडा निघाला. त्यावर उलटं अक्षर अजून दिसत होतं. मी तो खिडकीच्या काचेसमोर धरला, प्रतिबिंबात ते सुलटं झालं. 'लहान'.

"वसंतापर्यंत त्याला सोडतील असं वाटलं होतं मला," हिनात्सु पुटपुटला.

"एका दिवसासाठी!" माझा आवाज फाटला. "एकतिसाव्या एका दिवसासाठी, मास्तर! सरकारनं अख्खा महिना गिळला आणि ढेकरही दिली नाही. तुम्ही एक दिवस गिळलात आणि तो पचवायला जिवंत माणूस हवा होता?"

६

मी त्याला गोनरोकुसमोर उभा केला. खरं तर मी अहवाल लिहून मोकळं व्हायला हवं होतं. पण अहवालात मजकुराची चूक आली की परवान्यावर गदा, आणि चौकशी वाढली की ओकिवाच्या चुलीपर्यंत जाणार. ज्याच्या जिवावर बेतलं होतं त्यालाच विचारावं म्हटलं.

गोनरोकुनं दोरीचे वळ चोळत सगळं ऐकून घेतलं.

"याला तुरुंगात टाकून मी काय करू?" तो म्हणाला. "नवा कागद कोण लिहिणार? उद्या सकाळी चौकात उभं राहून गावाला सांगू दे, मी चुकलो म्हणून. तेवढं पुरे मला."

हिनात्सु गुडघ्यांवर बसला. "ताहेईसान, मला तुरुंगात पाठवा."

"काय?"

"तुरुंग चालेल. सगळ्यांसमोर नको. मी त्यांना कसं तोंड दाखवू?"

गोनरोकु माझ्याकडे वळला. "बघ," तो म्हणाला. "यालाही तुरुंगच सोपा वाटतो."

पण चौकात उभं राहावंच लागलं. सकाळी मी दवंडी दिली होती, त्यामुळे झाडून सगळे आले. मासेवाल्या टोपल्या घेऊनच आल्या. हिनात्सु दगडावर चढला. त्यानं छत्री आणली नव्हती.

"पुढच्या वर्षी आठवा महिना मोठा आहे. मी पंचांगात तो लहान लिहिला. मी चुकलो. ती चूक लपवायला मी ठसा जाळला आणि गोनरोकुबाबांवर आळ घातला."

तो डोळे मिटून उभा राहिला. हसण्याची, शिव्यांची, दगडांची वाट बघत. लोक अजून काही येणार म्हणून थांबले होते. कुणीतरी खोकलं.

"बाबांवर आळ घातलात ते वाईट केलंत," पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली. "पण लपवायचं होतं ते एवढंच? महिना लहान लिहिला, एवढंच?"

"एवढंच," हिनात्सु म्हणाला.

"मग खोडून पुन्हा लिहायचं होतं, बाबा." तिनं टोपली डोक्यावर घेतली. "मासे खराब होतायत माझे."

ती गेली. तिच्यामागं बाकीचे गेले. जाता जाता दोघी-तिघींनी मास्तरांना नेहमीसारखं वाकून नमस्कारही केला. चौक रिकामा झाला आणि हिनात्सु त्या दगडावर बसून हुंदके देऊन रडू लागला. मला त्याची दया आली, आणि दया आली याचाच भयंकर राग आला.

गोनरोकु चेरीची कोरी फळी काखेत घेऊन समोर येऊन उभा राहिला.

"मास्तर, रडून झालं की लिहायला बसा," तो म्हणाला. "परवा दुपारी बोट लागेल, आणि मला दोन महिने कोरायचे आहेत."